रिझर्व्ह सुभेदार

सुभेदार कुणाच्याही घरात गेले की बसण्याआधी दिवा बारीक करायचे. राम राम नाही, काय चाललंय नाही. चपला दाराशी काढायच्या, थेट कंदिलापाशी जायचं, चावी फिरवून वात खाली घ्यायची आणि मग भिंतीला पाठ टेकून म्हणायचं, "हां, आता बोला." घरातलं माणूस जेवत असलं तर त्याला उरलेली भाकरी चाचपडत खावी लागे. लोक मनातून चिडायचे, पण त्यांच्या देखत वात वर करायची कुणाची छाती नव्हती. उंचापुरा गडी, पांढऱ्या कल्लेदार मिश्या आणि पलटणीत कमावलेला आवाज. ते उठून गेले की बायका हळूच चावी फिरवायच्या, आणि सुभेदार ओटा उतरता उतरता मागं न बघता ओरडायचे, "दिसतंय मला!"

गावात एकच घर असं होतं की जिथं ते पाऊल टाकत नसत. ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, आणि मी त्याच घरात सून म्हणून आले. आमच्या दारावरून जाताना ते थांबायचे, तोंड समोरच्या कडुनिंबाकडं करायचे आणि त्या झाडाला सांगायचे, "काई काई घरांत दिवा लय मोटा दिसतोय बाबा." आत माझे सासरे हातातला घास ताटात ठेवून उठायचे आणि वात इतकी वर करायचे की काच काळीकुट्ट व्हायची. दुसऱ्या दिवशी ती राखेनं घासायला मी होतेच.

सुभेदारांची सारी नोकरी पलटणीच्या गाड्यांवर गेली. गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या, पुढं त्यांचे तांडे सांभाळले. एकदा राजस्थानच्या वाळूत तेलाची गाडी वाट चुकली आणि यांच्या गाड्या जागच्या जागी बंद पडल्या. "कालपत्तुर ती गाडी हुती," ते सांगायचे, "तेल सपलं तशी ती लोखंडाची खोली झाली. उनात बसता यीना आन् ढकलता यीना." त्या वाळूतून ते एक शब्द घेऊन आले. मोटारसायकलीच्या टाकीला खाली एक चावी असते. पेट्रोल संपत आलं की गाडी आचके देते, मग ती चावी रिझर्व्हवर फिरवायची आणि तळाशी राखून ठेवलेल्या थोड्या पेट्रोलवर घर गाठायचं. सुभेदारांचं म्हणणं असं की ती चावी आता साऱ्या जगाचीच फिरली आहे. "जग रिझर्व्हला आलंय, गड्यांनो. गाडी चालतीय म्हणून तुमी गाणी म्हणताय. पर टाकी वाजवून बघा जरा." हे ते पारावर, देवळात, लग्नाच्या मांडवात, कुठंही ऐकवायचे. त्यावरून गावानं त्यांचं नाव पाडलं रिझर्व्ह सुभेदार. नाव त्यांच्या कानावर गेलं तर म्हणाले, "बरं झालं. निदान शबुद तरी तोंडात बसला."

माझं लग्न त्यांनीच जमवलं. माझं माहेर कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं, ऊस आणि पाण्याचं. बहात्तरच्या दुष्काळात खटावाकडची माणसं जनावरं घेऊन आमच्याकडं उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, ती जगवायला यायची. सुभेदार आपली बैलजोडी घेऊन आले आणि आमच्या मळ्यात खोप घालून राहिले. गावातल्या बहुतेकांनी बैल विकले होते. हे मात्र बैलांच्या आधी स्वतः पाणी प्यायचे नाहीत. माझ्या वडलांनी त्यांना विचारलं, तुमच्याकडं एखादा चांगला मुलगा आहे का? सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "हाय. कष्टाचा हाय, निर्व्यसनी हाय. माजाच पुतण्या. त्याच्या बापाचं मातुर मला काई इचारू नका." एवढ्या शिफारशीवर मी वडूजच्या पुढच्या त्या कोरड्या गावात आले. अंगाची हळद उतरायच्या आत दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. ज्या हातांनी माहेरी उसाला पाणी पाजलं, त्यांना तिथं फोड आले. हातोडा बोटावर बसला की डोळ्यांतून पाणी यायचं आणि शेजारची बाई म्हणायची, "रडू नगं गं, तेवडंच पानी वाया जातंय." ती खडी मी जन्मात विसरले नाही.

दोन भावांचं भांडण काय, ते मला सासूबाईंनी सांगितलं. वाटण्या झाल्या तेव्हा विहीर सामाईक राहिली. विहिरीवर पूर्वी पाणी उपसायची कातडी मोट होती. मोट ओढताना बैल विहिरीपासून ज्या उतरत्या वाटेनं लांब जातात, ती धाव सासऱ्यांच्या वाट्याला आली. धावेच्या टोकाशी बांध, आणि बांधापलीकडं सुभेदारांचं रान. सासऱ्यांनी डिझेलचं इंजिन आणलं, त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि धाव नांगरून टाकली. सुभेदार बांधावर उभे राहून सांगत होते, "म्हादू, इंजिन ठेव, पर धाव मोडू नगं. एक दीस लागंल." सासरे म्हणाले, "कशाला? बैलास्नी फिरायला न्यायला?" बघणारे हसले. त्या हसण्यानंतर दोन भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

बाकी गावाला मात्र सुभेदारांनी सोडलं नाही. अमावस्येला आपल्याकडं बैलांना जुंपत नाहीत. त्यावर त्यांनी पौर्णिमा काढली. पुनवेला गावात इंजिन चालवायचं नाही, दिवा लावायचा नाही, दिवस असतानाच स्वयंपाक उरकायचा आणि चांदण्यात जेवायचं. ह्याला ते परेड म्हणायचे. संध्याकाळी हातात काठी घेऊन गल्लीतून फिरायचे आणि कुणाच्या खिडकीत उजेड दिसला की गरजायचे, "कोण हाय त्यो?" पोरांना मजा वाटायची, बायका बोटं मोडायच्या. गिरणीही डिझेलवरच चालायची, तेव्हा त्यांनी अडगळीतली जाती बाहेर काढायला लावली, त्यांच्या गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी मारून घ्यायला लावली. एक म्हातारी फणकारली, "आवं सुभेदार, लय सांगताय, तुमी दळा की मग!" सुभेदारांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि भर गल्लीत जात्यावर बसले. बाप्या माणूस दळतोय हे बघायला सगळा गाव लोटला. पीठ निघालं ते कोंबड्यांना घालावं इतकं जाडंभरडं. ते म्हणाले, "शिकाय येळ लागतोय. म्हनून तर आत्ताच बसलो." आणि ते पीठ संपेपर्यंत त्याच्याच भाकरी त्यांनी खाल्ल्या. बायको केव्हाच गेली होती, पोरबाळ नव्हतं, त्यांना अडवणारं घरात कुणी नव्हतं.

त्यांच्या जिवाचा तुकडा म्हणजे बांधाच्या पलीकडं लावलेली करंजाची झाडं. करंजाच्या बियांच्या तेलावर दिवा जळतो, मोटेचं कातडंही त्याच तेलानं मऊ राहतं. रॉकेल संपलं की गावाला हे तेल पुरवायचं, असा त्यांचा बेत होता. दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा सुभेदार अंघोळीचं पाणी परातीत धरून त्या झाडांना घालायचे. बैल घेऊन माझ्या माहेरी गेले तेव्हा शेजाऱ्याला दोन हात जोडून सांगून गेले होते, "माज्या वाटचं प्यायचं पानी त्यास्नी घाला." झाडं जगली. दुष्काळ सरला त्या हिवाळ्यात करंजांना पहिल्यांदा शेंगा लागल्या. सुभेदार रोज सकाळी जाऊन त्या हिरव्या शेंगा हातात धरून बघायचे आणि मला बांधावरून ऐकू येईल असं म्हणायचे, "बघा, दिवं लागल्यात झाडाला."

त्याच हिवाळ्यात कुठं तरी दूर लढाई झाली, अरबांनी तेल आवळलं, असं रेडिओवर सांगू लागले. आम्हाला वाटलं, ते दिल्ली-मुंबईचं दुखणं. मग रॉकेलच्या दुकानापुढं रांग लागली. मग एसटीची दुपारची गाडी बंद झाली. मग गिरणीचा पट्टा थांबला. माझे यजमान डिझेलचे डबे सायकलीला बांधून वडूजला गेले, पंपावर मुक्काम केला आणि डबे वाजवत रिकामे परत आले. पुन्हा गेले, पुन्हा रिकामे. डब्यांचा तो आवाज वेशीतून आला की सासूबाई हातातलं काम टाकून नुसत्या बसायच्या.

रानात गहू होता. दुष्काळानंतरचं पहिलं पीक, घरातलं शेवटचं बी घालून केलेलं. ओंब्यांत चीक भरायच्या बेतात होता. त्या वेळी एक पाणी चुकलं तर ओंबी फोल. विहिरीत पाणी होतं. खाली, काळंशार, दिसत होतं. वर इंजिन होतं. आणि मध्ये काही नव्हतं. मी पोटुशी होते. रोज सकाळी मी बांधावर जाऊन गव्हाचा रंग बघायचे आणि माझ्या डोळ्यांपुढं खडीचा ढीग यायचा. हे पीक गेलं की पुन्हा हातोडा, आणि या वेळी पोटातलं ओझं घेऊन.

गावात आता सुभेदारांना कुणी हसत नव्हतं. त्यांनी मोट बाहेर काढली, तिला तेल चोळलं, घायपाताचे दोर तपासले, आणि एका संध्याकाळी ते आमच्या दारासमोर येऊन कडुनिंबापुढं उभे राहिले. "मोट तयार हाय," ते झाडाला म्हणाले, "बैल तयार हाईत. धाव न्हाई."

सासरे आत होते. त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, भाईर झाडासंगं कोन बोलतंय त्यास्नी सांग, आमचं डिझेल उद्या येनार हाय."

मी पदर सावरून ओट्यावर आले. सांगायची काही गरज नव्हती, सारं ऐकू गेलं होतं. तरी सांगितलं.

"त्याला म्हनावं," सुभेदार झाडाला म्हणाले, "उद्या म्हंजी कवा?"

हे असं तीन-चार संध्याकाळी चाललं. दोघंही मुलखाचे हट्टी. एकाला भावाच्या रानात विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नव्हता, दुसऱ्याला भाऊ खरा ठरायला नको होता. इकडं गव्हाचे शेंडे दुपारी माना टाकू लागले. आमचे हे बापापुढं तोंड उघडायचे नाहीत. सासूबाई देवापुढं बसून राहायच्या. शेवटी एका संध्याकाळी त्या दोघांच्या मध्ये ओट्यावर उभी असताना माझा तोल गेला. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, मला त्याचं भान राहिलं नाही. मी म्हणाले, "झाडाला नगं आन् मला बी नगं. तुमी दोघं एकमेकांस्नी सांगा. मी पुन्यांदा खडी फोडाय जानार न्हाई. जायचं असंल तर तुमी दोघं जावा आन् तितं बी बोलू नगा."

 सुभेदार निघून गेले. सासरे ताट सरकवून उठले. मला वाटलं, आता मला माहेरची वाट दाखवतात. सकाळी उठून रानात गेले तर सासरे कुदळ घेऊन आपल्याच गव्हात उभे होते. जुन्या धावेच्या वाटेवरचा गहू ते मुठीमुठीनं उपटत होते आणि एका बाजूला नीट रचून ठेवत होते.

धाव मोकळी झाली, माती चोपून उतार केला. सुभेदारांनी बैल जुंपले. निम्मं गाव विहिरीवर जमलं होतं. मोट खाली गेली, बुडबुड करून भरली. सुभेदारांनी हाक दिली, बैल उतारावरून चालू लागले, सुभेदार दोरावर बसले, चाक कुरकुरलं. सगळ्यांच्या माना विहिरीकडं वळल्या. मोट वर येत होती. आणि मध्येच थांबली. बैल धावेच्या टोकाला बांधाशी पोचले होते आणि भरलेली मोट काठाच्या खाली अधांतरी लोंबकळत होती. सुभेदारांनी पुन्हा हाक दिली. बैलांचे खूर मातीत रुतले, मानेच्या शिरा तटतटल्या, पण पुढं वाटच नव्हती. मोट कलली आणि सारं पाणी खाली विहिरीत कोसळलं. 

सुभेदार दोरावरून उतरले. विहिरीत वाकून बघितलं.  आयुष्यभर तयारी केलेला माणूस, आणि त्याचा चेहरा त्या वेळी बघवत नव्हता. "हिर कवा खोल केली?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते त्यांनाही ठाऊक नसावं.

सासरे विहिरीकडंच तोंड करून म्हणाले, "तुमी बैल घिऊन कृष्णाकाठी गेला तवा."

विहिरीची जेवढी खोली तेवढी धावेची लांबी लागते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दुष्काळात विहीर खोल झाली, पण मोट बंद पडलेली असल्यामुळं धावेचा विचार कुणी केलाच नव्हता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा ओटा. धाव वाढणार ती बांध फोडून सरळ पुढंच. आणि पुढं करंजं होती.

 सगळे एकदा झाडांकडं बघत, एकदा सुभेदारांकडं. मग सासरे त्यांच्याकडं वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाच्या तोंडाकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या दादा," ते म्हणाले, "झाडं ऱ्हाऊ द्या. गहू जाऊ दे."  मी ज्या गव्हासाठी भांडले होते तो गहू ते सोडून द्यायला निघाले होते, आणि मला त्यांचा राग आला नाही. मीही त्या झाडांकडंच बघत होते.

सुभेदार करंजांपाशी गेले. एका झाडाची शेंग हातात धरली, मग सोडली. "म्हादू," ते म्हणाले, "कुऱ्हाड आन."

"दादा..."

"आन म्हन्तो न्हवं? रिझर्व्ह कशासाटी ठेवत्यात रं? बघत बसायला? गाडी बंद पडली की फिरवायलाच की."

पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. धावेच्या आड येणारी सगळी झाडं त्यांनीच तोडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मध्ये धाप लागली तेव्हा सासऱ्यांनी कुऱ्हाड मागितली, तर नुसती मान हलवली. हिरव्या शेंगांसकट फांद्या पडत होत्या. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, मी तर रडतच होते. मग मात्र सारं गाव कामाला लागलं. बुंधे खणले, बांध फोडला, माती उपसली. दुष्काळी कामावर टोपल्या टाकून सगळ्यांचे हात तयार होते. दिवस कलायच्या आत धाव सुभेदारांच्या रानात शिरली. बैल पुन्हा जुंपले. या वेळी मोट काठावर आली, उलटली, आणि पाणी पाटात धावलं. पाटाचं पाणी वाफ्यात वळवायला मी कंबरेला पदर खोचून उभी होते. पायाला ते गार पाणी लागलं आणि मी तिथंच वाफ्यात बसले.

गहू आला. बारीक आला, पण आला. सुभेदारांचे बैल मग पाळीपाळीनं दुसऱ्यांच्या विहिरींवरही गेले. जाती घरघरू लागली. माझी मुलगी त्याच उन्हाळ्यात झाली आणि बाळंतपणात मी घरच्या गव्हाची खीर खाल्ली. पुढं डिझेल मिळू लागलं. वडूजहून डबे भरून आले तसं गावानं पौर्णिमेला इंजिनं चालवायला सुरुवात केली. सुभेदार गल्लीतून फिरायचे, "कोण हाय त्यो?" म्हणायचे, पण आता लोक नुसतं हसून दार लावून घ्यायचे. एकदा ते मला म्हणाले, "पोरी, पंप दिसला की मानूस रिझर्व्ह इसरतोय." हे बोलताना ते थकलेले वाटले. उरलेल्या करंजांच्या शेंगा त्यांनी गोळा केल्या की नाही, मला आठवत नाही.

दोन भाऊ मात्र बोलू लागले. बोलू लागले म्हणजे भांडू लागले. रोज सकाळी बांधाच्या फुटलेल्या जागी दोघांची जुंपायची. सासरे ओरडायचे, "आवं दादा, तुमचं बैल माज्या रानात शिरलं बगा!" पलीकडून उत्तर यायचं, "तुजं रान वाटंत का आलं?" मग पाण्याच्या पाळीवरून, खताच्या गाडीवरून, चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा आंब्यावरून. सासूबाई म्हणायच्या, हे मुके होते तेच बरं होतं. पण ज्या दिवशी भांडण झालं नाही त्या दिवशी सासऱ्यांना भाकरी गोड लागायची नाही, हे त्यांनाही माहीत होतं. सासऱ्यांनी धावेवर पुन्हा नांगर घातला नाही.

दोन पावसाळ्यांनी सुभेदार आजारी पडले. छातीचं दुखणं होतं. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. नेताना भाड्याच्या जीपच्या ड्रायव्हरला त्यांनी खाटेवरूनच विचारलं, "तेल किती हाय? परत यायचं धरून सांग." सासरे शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी राहिले. मी माहेराहून त्यांना भेटायला गेले तेव्हा सासरे चहा आणायला बाहेर गेले होते. सुभेदारांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "म्हादू लय रडतोय गं," ते म्हणाले, "त्याच्यासंगं भांडत जावा कुनीतरी." मी हो म्हणाले. पण सुनेनं सासऱ्याशी काय भांडायचं? त्याच आठवड्यात सुभेदार गेले.

दहावा झाला. अकराव्या दिवशी सकाळी मी भाकरीचं टोपलं घेऊन रानात गेले. सासरे माझ्या आधीच येऊन धावेच्या टोकाशी उभे होते. मला पाठमोरे होते. मी हाक मारणार तेवढ्यात ते पलीकडच्या रिकाम्या रानाकडं बघून ओरडले, "आवं दादा! तुमचं बैल माज्या रानात शिरलं बगा!"

मग त्यांनी कान देऊन वाट बघितली. रानात एकही जनावर नव्हतं. सुभेदार दवाखान्यात गेल्यापासून ते बैल आमच्याच गोठ्यात होते, आणि त्या सकाळी त्यांना वैरण सासऱ्यांनीच घातली होती.